सर्व्हर डाऊन? मग स्वॅपची वही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या आतल्या पानावर 'सर्व्हर डाऊन; नागरिक ताटकळले' ही बातमी वाचली. कारण शेवटच्या ओळीत होतं: 'सर्व्हरची क्षमता अपुरी पडल्याने'. बस. एसटी घाटात बंद पडली तर तुमचे वार्ताहर पाटा तुटला, ब्रेक निकामी झाला की डिझेल संपलं, हे विचारून येतात. सर्व्हर पडला की 'पडला' एवढ्यावर भागतं, जसा काही वळवाचा पाऊसच.

बातमीतल्या कार्यालयात त्या दिवशी काय बिघडलं हे मला ठाऊक नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण मी एका पतसंस्थेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली सत्तावीस ईडीपी, म्हणजे संगणकाच्या, सेक्शनला, आणि आमचा सर्व्हर दोनदा कसा पडला ते पानापानानिशी सांगू शकते. दोन्ही वेळा मुळाशी एकच गोष्ट होती, आणि तिचं नाव वर्तमानपत्रात कधी छापून आलेलं मी पाहिलं नाही. ती म्हणजे स्वॅप.

संगणक न कळणाऱ्या वाचकांसाठी आधी थोडं. सर्व्हरची रॅम म्हणजे कारकुनाचं टेबल. चालू कामाचे कागद टेबलावर. टेबल भरत आलं की बरेच दिवस हात न लागलेले कागद रुमालात बांधून दप्तरखान्यात टाकायचे आणि लागले तर परत आणायचे. डिस्कवरची स्वॅप म्हणजे हा दप्तरखाना. कागद जातात ते चार किलोबाइटच्या पानांनी. कल्पना जुनी आहे. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात १९६२ साली मुख्य मेमरी आणि फिरता ड्रम यांच्यात पानांची अशीच ने-आण होत असे. आता टेबलावरचं पान उचलायला एक सेकंद लागतो असं धरा. त्याच हिशेबाने साध्या फिरत्या डिस्कच्या दप्तरखान्यातून ते आणायला एक दिवसाहून जास्त लागतो. हे अलंकारिक बोलणं नाही, दोन्हींच्या वेगातलं अंतरच लाखाच्या घरातलं आहे.

आमच्याकडे १९९६ साली युनिक्सचं पहिलं मशीन आलं. रॅम १६ एमबी. बसवायला आलेल्या इंजिनिअरने पडद्यावरच्या प्रश्नाला स्वॅप ३२ एमबी असं उत्तर दिलं. मी विचारलं, एवढीच का? म्हणाला, "डबल, मॅडम. कायम डबल." मी वहीत लिहून घेतलं. त्या काळी ते बरोबरच होतं. चूक अशी झाली की पुढची एकवीस वर्षं ते वाक्य आमच्याकडे कुलदैवतासारखं पुजलं गेलं. मशिनं बदलली, एमबीचे जीबी झाले, आणि २०१७ साली मुख्य कचेरीतल्या सर्व्हरला १६ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्वॅप होती. डिस्का दोन, मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या, एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या. शाखा चौदा.

तो शुक्रवार होता, ३१ मार्च २०१७. मार्च एंड म्हणजे काय हे सहकारात काम केलेल्यांना सांगायला नको. आमच्या खानापूर तालुक्याचा आणखी एक विशेष आहे. इथली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. सोनं-चांदी गाळणारी पोरं कोइमतूरला, कोलकत्याला, आणि त्यांच्या आया ठेवींचं व्याज घ्यायला आमच्या काउंटरवर. अकरा वाजून वीस मिनिटांनी पहिल्या काउंटरचा पडदा गोठला. पाच मिनिटांत चौदाही शाखांचे फोन सुरू झाले. सर्व्हरच्या खोलीत गेले तर मशीन चालू, पंखे चालू, डिस्कचे दिवे मात्र लुकलुकायचे थांबून एकसारखे जळत होते.

लॉगिन करायला गेले. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, साठ सेकंदांत आत गेलं नाही म्हणून त्यानेच मला बाहेर काढलं. तीनदा. बाहेरून मॅनेजरसाहेब ओरडत होते, "बंद करून चालू करा!" व्याज आकारणी मध्यावर असताना सर्व्हरची वायर ओढणं म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं, मला कळत होतं. नशिबाने दुसऱ्या कन्सोलवर सकाळी उघडलेली माझी एक खिडकी तशीच राहिली होती. तिथे 'व्हीएमस्टॅट' ही मेमरीची ये-जा दाखवणारी आज्ञा टाइप केली. एकेक अक्षर उमटायला वेळ लागत होता. आकडे आले तेव्हा पोटात गोळा आला. त्यात दोन रकाने असतात, एसआय आणि एसओ. दर सेकंदाला दप्तरखान्यातून टेबलावर किती येतंय आणि टेबलावरून दप्तरखान्यात किती जातंय. दोन्ही हजारांत. आणि डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ ९३ टक्के. म्हणजे प्रोसेसर काम करत नव्हता, दारात उभा राहून शिपायाची वाट बघत होता.

कारण शोधायला नंतर दोन दिवस लागले, पण इथेच सांगते. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या एका मुलाने आदल्या वर्षी डेटाबेसला, म्हणजे मायएसक्यूएलला, १० जीबीची परवानगी दिली होती. दुसऱ्याने फेब्रुवारीत लाभांशाचं नवं मॉड्यूल बसवताना ते ज्यावर चालतं त्या जावाला ८ जीबी दिले. दहा आणि आठ अठरा. टेबल सोळाचं. ऑपरेटिंग सिस्टिमचं स्वतःचं काय ते अजून धरलंच नाही. दोघांनीही एकमेकांचा आकडा पाहिला नव्हता. ज्या संस्थेत सव्वा रुपयाचा फरक निघाला तर कॅशियर रात्री नऊपर्यंत घरी जात नाही, त्या संस्थेत ही एक बेरीज कोणी केली नव्हती. 'कोणी' मध्ये मी पहिली.

मग तोवर चाललं कसं? कारण परवानगी दिली म्हणून मेमरी लगेच भरत नाही. जेवढ्या पानांना हात लागेल तेवढीच भरतात. एरवी दिवसाला काही शे खाती उघडली जायची. ३१ मार्चला व्याज आकारणी प्रत्येक खात्याला हात लावते. डेटाबेस पहिल्यांदाच दहाच्या दहा जीबीपर्यंत फुगला आणि त्याच दिवशी वरच्या मजल्यावर लाभांशाचं काम चालू होतं. त्यात जावाची एक खोड अशी की ती अधूनमधून केरवारे करते आणि तेव्हा आपली सगळी मेमरी पालथी घालते. म्हणजे दप्तरखान्यात टाकलेली तिची पानंही प्रत्येक झाडूला परत आणावी लागतात, आणि त्यांना जागा करायला डेटाबेसची पानं बाहेर. ती बाहेर गेली की काउंटरवरचा माणूस नेमकी तीच मागतो. दोन जीबी म्हणजे पाच लाख चोवीस हजारांवर पानं. तसली डिस्क सेकंदाला सुमारे शंभर ठिकाणी पोचते. एकेक करून आणायची तर दीड तास, आणि तोवर पुढचा झाडू सुरू.

मी जावा मारली. लाभांश गेला खड्ड्यात, तो एप्रिलमध्ये काढता येतो. ती मरायलाही चार मिनिटं लागली. मग तिला तीन जीबी देऊन पुन्हा उठवलं, तेही मॉड्यूल बंद ठेवून. डेटाबेसची बाहेर गेलेली पानं हळूहळू परत येत राहिली. दोन वाजून पाच मिनिटांनी काउंटर सुरू झाले. बाकड्यावर सकाळपासून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "पोरी, पैसं हायत न्हवं आत?" तोपर्यंत गावात संस्था बुडाल्याची कुजबुज सुरू झाली होती. नोटाबंदी होऊन पाच महिनेही झाले नव्हते, लोकांचा जीव टांगणीला होता. पतसंस्थेच्या बाबतीत तीन तासांची कुजबुज किती महाग पडू शकते हे तुम्ही बातमीत लिहीत नाही, पण आम्ही त्या रात्री झोपलो नाही.

आता इथे बरेच जण चुकीचा धडा घेतात, आमच्या संचालक मंडळानेही घेतला. 'स्वॅपमुळे सर्व्हर अडकला ना? मग स्वॅपच काढा.' २०१८ मध्ये नवं मशीन आलं, एसएसडीचं, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपच्या डिस्कचं. बसवणाऱ्याने स्वॅप ठेवलीच नाही. म्हणाला, एसएसडी घासते आणि आता तिची गरजच नाही. मी कुरकुर केली, पण ३१ मार्चच्या प्रकारानंतर स्वॅपची बाजू घेणं म्हणजे चोराची वकिली होती. सही केली.

ऑगस्टमध्ये रात्री पावणेतीनला व्याजाचा बॅच चालू असताना रॅम संपली. दप्तरखाना नाही. अशा वेळी लिनक्स, म्हणजे त्या मशिनची ऑपरेटिंग सिस्टिम, एक कठोर काम करतं. प्रत्येक प्रोग्रामला गुण देतं, कोण किती मेमरी बळकावून बसलंय त्याप्रमाणे, आणि ज्याचे गुण सर्वांत जास्त त्याला जागेवर ठार करतं. आमच्या मशिनवर सर्वांत मोठा कोण? डेटाबेस. मेमरी खरी गळत होती ती अहवाल काढणाऱ्या प्रोग्राममधून, पण फाशी गेला मायएसक्यूएल. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. सकाळी मी लॉग वाचला. तिथे शब्दशः लिहिलेलं होतं: 'आऊट ऑफ मेमरी: किल प्रोसेस', पुढे गुण, आणि मग 'ऑर सॅक्रिफाइस चाइल्ड', म्हणजे 'नाहीतर मूल बळी द्या'. मॅनेजरसाहेबांना वाचून दाखवलं तर त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं कोणीतरी खोडसाळपणा केलाय. लिनक्सच्या त्या आवृत्तीत तो संदेश खरोखरच तसा होता. चाइल्ड म्हणजे एका प्रोग्रामने सुरू केलेला दुसरा प्रोग्राम. पैशाचं नुकसान काही झालं नाही, डेटाबेस उठताना अर्धवट व्यवहार स्वतःच मागे घेतो. पण उठायला वेळ लागला आणि साडेदहापर्यंत चौदाही शाखांत पुन्हा तेच वाक्य: सर्व्हर डाऊन.

स्वॅप नसली तर मशीन अडकत नाही, हेही खरं नाही. दप्तरखाना नसला की कारकून डेटाचे कागद टाकू शकत नाही, मग तो नियमांची पुस्तकं टाकायला लागतो. म्हणजे प्रोग्रामची स्वतःची पानं, जी डिस्कवर मूळ प्रतीत आहेतच म्हणून खुशाल फेकता येतात. पुढच्या क्षणी तीच लागतात, परत वाचायची, परत फेकायची. मरण्याआधी ते मशीन अर्धा तास असंच धापा टाकत होतं, हे मला नंतर नोंदींवरून दिसलं.

मग आम्ही मधला रस्ता काढला आणि मी निवृत्त होईपर्यंत तो टिकला. १६ जीबीला ४ जीबी स्वॅप, वेगळं पार्टिशन न करता साधी फाइल. फाइलची स्वॅप हळू चालते ही समजूत फार जुन्या लिनक्सवरून आलेली आहे, २.६ च्या कर्नेलपासून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या त्या आवृत्तीपासून, तिला अर्थ उरलेला नाही. फाइलचा फायदा असा की उद्या वाढवायची झाली तर डिस्क फोडाफोडी करावी लागत नाही. परवानगी ६०० ठेवली, म्हणजे मालकाशिवाय कोणी वाचू नये. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या मार्गदर्शनातसुद्धा 'डबल' आता फक्त २ जीबीपर्यंतच्या रॅमला आहे, ८ पर्यंत बरोबरीने आणि त्यापुढे किमान ४ जीबी. डेटाबेसला ७ जीबी, जावाला ३, बाकी सिस्टिमला. ही बेरीज मी कागदावर लिहून सर्व्हरच्या दारावर चिकटवली. ज्याला आकडा वाढवायचा असेल त्याने कुठला कमी करणार ते आधी त्याच कागदावर लिहायचं.

स्वॅपीनेस नावाचा एक आकडा असतो, मुळात ६०. आमच्याकडे आलेल्या तीनपैकी तीन इंजिनिअरांनी मला सांगितलं की रॅम साठ टक्के भरली की स्वॅप सुरू होते. साफ चूक. जागा हवी झाल्यावर प्रोग्रामांची पानं बाहेर काढायची की डिस्कवरच्या फाइलींच्या रॅममधल्या नकला टाकायच्या, यातला कल तो आकडा ठरवतो. डेटाबेसच्या मशिनवर मी तो १० ठेवला. शून्य करू नका. शून्याने स्वॅप बंद होत नाही, पण कर्नेल तिला इतक्या उशिरा हात लावतं की स्वॅप रिकामी असतानाच डेटाबेसचा बळी जायची वेळ येऊ शकते.

आणि वही. शंभर पानी, लाल बांधणीची, रोज साडेदहा आणि चार वाजता हाताने लिहायची. मशीन आपल्या नोंदी दर पाच मिनिटांनी ठेवतच होतं, पण मशिनच्या नोंदी कोणी वाचत नाही हा माझा अनुभव आहे. हाताने लिहायचं म्हटलं की डोळ्यांना बघावंच लागतं. त्यात किती स्वॅप वापरली हा रकाना सर्वांत कमी महत्त्वाचा. नव्या पोरांना हे पटवताना घसा सुकला. एकदा एकाने 'फ्री' ही मेमरीचा हिशेब दाखवणारी आज्ञा देऊन पाहिली, स्वॅप सव्वा जीबी वापरात दिसली, घाबरला आणि भर दुपारी ती बंद करायची आज्ञा द्यायला निघाला. त्याचा हात धरला. बंद करायची म्हणजे दप्तरखान्यातला प्रत्येक रुमाल त्याच क्षणी टेबलावर आणायचा, आणि टेबलावर जागा नसली तर पुन्हा तो गुणांचा आणि फाशीचा खेळ. सव्वा जीबी आत पडून आहे आणि एसआय-एसओ शून्य आहे, म्हणजे दप्तरखाना शांत आहे, उत्तम चाललंय. जमा किती आहे ते बघू नका, ये-जा किती आहे ते बघा. पतसंस्थेच्या माणसाला हे चटकन कळायला हवं. एका वर्षी ऑडिटरांनी ती वही उचलून विचारलं, "हे कसलं खातं?" मी म्हटलं, उचल आणि भरणा, फक्त रुपयाचा नाही. त्यांनी टिक करून पुढे सरकवली.

अजून एक, कारण यावर कोणीच बोलत नाही. २०१८ ला जुन्या मशिनच्या त्या दोन डिस्का भंगारात निघाल्या होत्या. डेटाबेस पुसला होता, पावती तयार होती. मी त्या अडवल्या. रॅममध्ये जे जे असतं ते वीज गेली की जातं. स्वॅपमध्ये गेलेलं डिस्कवर राहतं. एका डिस्कच्या स्वॅपमधून वाचता येण्याजोगी अक्षरं काढून पाहिली. खातेदारांची नावं, मोबाइल नंबर, आणि आमच्याच एका अधिकाऱ्याचा पासवर्ड, उघडा. तो त्याच्या मुलीच्या नावाचा होता. साहेबांना छापून दाखवल्यावर बाकी काही बोलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी लेथच्या कारखान्यात नेऊन दोन्ही डिस्कांना चार-चार भोकं पाडून आणली. आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालाय. संस्थांनी भंगाराच्या पावतीला चिकटवून ठेवावा. स्वॅप कूटबद्ध करून ठेवायची सोय लिनक्समध्ये आहे आणि त्याला वेगळा पैसा पडत नाही.

आता सगळे क्लाऊडवर चाललेत. आमची संस्थाही गेली. तिथे 'सर्व्हरची काळजी मिटली' असं सांगितलं जातं. मशीन भाड्याचं असलं तरी बेरीज आपलीच असते, आणि भाड्याच्या लहान मशिनवर बहुतेक वेळा स्वॅप मुळातच नसते. मागितली नाही तर मिळत नाही. तालुक्याच्या ठिकाणी निघणाऱ्या निविदा मी हौसेने वाचते. प्रोसेसर किती, रॅम किती, वॉरंटी किती वर्षांची, सगळं असतं. मेमरीची वाटणी कोण ठरवणार आणि कोण बघणार, याची ओळ मला अजून एकाही निविदेत सापडलेली नाही.

तेव्हा विनंती तुमच्या वार्ताहरांना आहे. पुढच्या वेळी कुठेही 'सर्व्हर डाऊन' ऐकलं की तीन प्रश्न विचारा: रॅम किती आणि त्यावर दिलेल्या परवानग्यांची बेरीज किती, स्वॅप आहे का, किती, आणि पडला त्या वेळी एसआय-एसओ किती होते. उत्तर देणारा कदाचित तुमच्याकडे बघत राहील. तेही छापा. कोणाला फासावर चढवायची मला हौस नाही, त्या खुर्चीत मी बसलेली आहे.

वहीचे रकाने पुढीलप्रमाणे होते: तारीख व वेळ, उपलब्ध रॅम, वापरलेली स्वॅप, एसआय, एसओ, डिस्कची प्रतीक्षा टक्के, त्या वेळी चालू असलेलं मोठं काम, सही. कोणा संस्थेला नमुना हवा असेल तर माझा पत्ता कार्यालयात ठेवला आहे, पानाची झेरॉक्स पाठवीन. सहीचा रकाना मात्र गाळू नका.

आपली,
एक निवृत्त ईडीपी प्रमुख
विटा, जि. सांगली
(नाव छापू नये ही विनंती)